सातच्या आत जेवण : एका दाव्याची छाननी

नवी मुंबईतल्या एका शाळेच्या सूचनाफलकावर आम्ही मध्यंतरी एक कागद वाचला. वर ठळक अक्षरांत ‘कर्करोग टाळा’ आणि खाली चार ओळी. संध्याकाळी सातच्या आत जेवा. त्यानंतर सकाळी उशिरापर्यंत तोंडात काही घालू नका. पोट सोळा तास रिकामे राहिले की निरोगी पेशी रोगट पेशींना खाऊन टाकतात. या शोधाला नोबेल पारितोषिक मिळालेले आहे. खाली कोणाचे नाव नव्हते. असे मजकूर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत असतात. त्यातलाच एक कोणीतरी चांगल्या हेतूने उतरवून लावलेला दिसत होता.

त्याच दिवशी विज्ञान मंडळाच्या तासाला नववीतल्या एका मुलीने विचारले, “माझे बाबा वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी आहेत. ते रात्री दोन वाजता डबा खातात. मग त्यांना कॅन्सर होणार का?”

शिक्षिकांनी आमच्याकडे पाहिले. ‘छे, काहीतरीच!’ असे म्हणून प्रश्न उडवून लावणे सोपे होते. पण ते प्रामाणिक झाले नसते, कारण त्या कागदावरचे सगळेच खोटे नव्हते. संपूर्ण खोटी गोष्ट फार काळ टिकत नाही. खऱ्याच्या खांद्यावर बसून आलेली खोटी गोष्ट मात्र शाळेच्या फलकापर्यंत पोहोचते. म्हणून हा दावा आम्ही वाक्यावाक्याने तपासायचे ठरवले. शिक्षकांना वर्गात अशी छाननी वारंवार करावी लागते, त्यांना ती उपयोगी पडेल असे वाटते.

चार पायऱ्यांची शिडी

दाव्याची बांधणी आधी नीट मांडू. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही स्पष्ट मांडता आले, तरच त्यावर टीका करण्याचा अधिकार पोहोचतो.

पहिली पायरी : शरीरात एक घड्याळ आहे. दुसरी : जेवणाच्या वेळा या घड्याळाला चालवतात किंवा बिघडवतात. तिसरी : घड्याळ बिघडले की पेशींची दुरुस्ती आणि सफाई बिघडते. चौथी : म्हणून जेवणाची वेळ पाळली तर कर्करोग टळतो, आणि झालेला असला तरी बरा होतो.

शिडी दिसायला सरळ आहे. मात्र तिच्या प्रत्येक पायरीचे लाकूड निराळे आहे, आणि तेच आपल्याला पाहायचे आहे.

पहिली पायरी : घड्याळ आहेच

ही पायरी भक्कम आहे. १७२९ मध्ये फ्रान्समधील द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. पानांना वेळ बाहेरून कळत नव्हती, म्हणजे ती आतच कुठेतरी मोजली जात होती. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी फळमाश्यांमध्ये असे जनुकीय बदल शोधले की ज्यांमुळे माशीचा ‘दिवस’ सुमारे १९ तासांचा किंवा २८ तासांचा होई, किंवा लयच नाहीशी होई. १९८४ मध्ये हे जनुक वेगळे काढण्यात आले. त्याचे प्रथिन रात्री साठते, पुरेसे साठले की आपल्याच निर्मितीला आळा घालते, मग विघटन पावते, आणि चक्र पुन्हा सुरू होते. हॉल, रोझबॅश आणि यंग यांना या कामासाठी २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातही या विषयाचा पाया घातला गेला आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या लयी अभ्यासल्या. बाहेरचा प्रकाश, आवाज आणि घड्याळ यांपासून तोडलेल्या खोलीत माणसे ठेवून त्यांच्या झोपेजागेपणाच्या लयीही त्यांनी नोंदवल्या.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या फुलीच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींच्या पुंजक्यात आहे. ते प्रकाशाने लावले जाते. शिवाय यकृत, स्वादुपिंड, आतडे, त्वचा यांच्या पेशींतही आपापली घड्याळे आहेत. रेल्वेच्या मोठ्या स्थानकात एक मुख्य घड्याळ असावे आणि प्रत्येक खात्याच्या खोलीत आणखी एकेक, तसा हा प्रकार आहे.

दुसरी पायरी : ताटाचा काटा

खात्यांची घड्याळे कोण लावते? २००० साली जिनिव्हा येथे श्यिबलर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना फक्त दिवसा अन्न देण्यात आले. उंदीर हा निशाचर, म्हणजे ही त्याची झोपायची वेळ. काही दिवसांत यकृताचे घड्याळ पार उलटे फिरले. मेंदूतले घड्याळ मात्र होते तसेच राहिले. एकाच शरीरात दोन खात्यांच्या वेळा जुळेनाशा झाल्या.

माणसात असे होते का? २०१७ मध्ये इंग्लंडमधील सरे विद्यापीठात दहा निरोगी पुरुषांची तिन्ही जेवणे पाच तासांनी पुढे ढकलून पाहिली. मुख्य घड्याळाच्या खुणा जागच्या हलल्या नाहीत. पण रक्तातल्या साखरेची दैनिक लय जवळपास तितकीच पुढे सरकली, आणि चरबीच्या पेशींतले घड्याळही सुमारे तासाने मागे पडले. तेव्हा ‘जेवणाची वेळ शरीराला कळते’ हे म्हणणे बरोबर आहे.

मात्र इथे पहिल्यांदा थांबायला हवे. मूळचे ओडिशाचे आणि अमेरिकेत सॉल्क संस्थेत काम करणारे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की तेवढेच स्निग्ध अन्न केवळ आठ तासांच्या मुदतीत खाणारे उंदीर, केव्हाही खाणाऱ्या उंदरांइतके लठ्ठ होत नाहीत. या निष्कर्षाने जगभर उत्साह पसरला. महाराष्ट्रात तर जमीन आधीच नांगरलेली होती. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी नेलेला ‘दिवसातून दोनदाच जेवा’ हा सल्ला, आणि त्याबरोबर ‘इन्सुलिन’ हा शब्द, आपल्याकडे ओट्यापर्यंत पोहोचलेला आहे.

माणसांवरच्या चाचण्यांनी काय सांगितले? २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांनी पाच आठवडे सहा तासांच्या मुदतीत, लवकर जेवून पाहिले. वजन न घटताही इन्सुलिनचा परिणाम सुधारला. निष्कर्ष आशादायक आहे, पण माणसे आठच. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींची वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाने कमी उष्मांकाचे अन्न सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खाल्ले, दुसऱ्याने तितकेच कमी अन्न वेळेचे बंधन न पाळता. पहिल्या गटाचे वजन सरासरी आठ किलो घटले, दुसऱ्याचे सव्वासहा. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठरला नाही. म्हणजे ‘किती’ हा प्रश्न ‘केव्हा’ने पुसला जात नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आज्यांनी उगीच केली नव्हती.

तिसरी पायरी : पेशीच्या आत

दिवसभरात आपल्या डीएनएला सतत इजा होत असते आणि पेशीतली विकरे ती दुरुस्त करत असतात. ही दुरुस्ती सगळ्या वेळी सारखी चालत नाही. डीएनएच्या दुरुस्तीसाठी २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले अझीझ संजार यांच्या गटाने २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या दोन गटांना सारख्याच मात्रेत अतिनील किरण दिले, एका गटाला पहाटे चारला आणि दुसऱ्याला दुपारी चारला. पहाटेच्या गटात त्वचेच्या गाठी सुमारे पाचपट झाल्या, कारण त्या वेळी उंदराच्या त्वचेतली दुरुस्ती मंद असते. २०२१ मध्ये अमेरिकेत चौदा व्यक्तींना प्रयोगशाळेत तीन दिवस दिवसपाळी किंवा रात्रपाळीसारखे ठेवले, तेव्हा रात्रपाळीच्या गटात दुरुस्तीच्या जनुकांची लय विस्कटलेली आणि डीएनएची इजा वाढलेली आढळली. तेव्हा घड्याळ आणि कर्करोग यांचा संबंध जोडणारे शास्त्रज्ञ हवेत बोलत नाहीत.

आता त्या कागदावरचे ‘नोबेल’ पाहू. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये ते मिळाले. त्यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पेशी आपलेच झिजलेले, निकामी भाग एका पिशवीत गोळा करून विघटित करते आणि त्यांतला कच्चा माल पुन्हा वापरते. या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण म्हणतात. पुढे या क्रियेची जनुके त्यांनी शोधली. हे काम थोर आहेच. पण कागदावरच्या वाक्यात तीन चुका झाल्या आहेत.

एक, स्वभक्षणात पेशी स्वतःचेच भाग पचवते. निरोगी पेशी उठून रोगट पेशीला खाते, असे यात काहीही नाही. दोन, ओसुमींचा प्रयोग यीस्टवर होता. माणसाने किती तास उपाशी राहावे याचा त्यात शोध नव्हता. ‘सोळा तास’ हा आकडा त्या पारितोषिकातून आलेला नाही. तिसरी चूक सगळ्यांत गंभीर आहे. स्वभक्षण हे कर्करोगाच्या बाबतीत दुधारी आहे. निरोगी पेशीत ते कचरा साफ करून गाठ होण्यास अटकाव करू शकते. पण गाठ एकदा वाढू लागली की तिच्या पेशी उपासमारीत आणि औषधांच्या माऱ्यात तगण्यासाठी हीच युक्ती वापरतात. म्हणून तर काही कर्करोगांत स्वभक्षण थांबवण्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या चाचण्या घेण्यात आल्या. कागदाच्या लेखकाला स्वभक्षण वाढवून रोग घालवायचा आहे, तर हे डॉक्टर ते बंद करून पाहत होते. यांतले खरे काय, हे रोग कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरते. सूचनाफलकावरच्या एका ओळीत ते मावत नाही.

चौथी पायरी : माणसे आणि कर्करोग

मग जेवणाची वेळ आणि कर्करोग यांचा माणसांत थेट अभ्यास झालाच नाही का? झाला आहे. स्पेनमधला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्तनाचा कर्करोग झालेल्या १२०५ स्त्रिया, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेले ६२१ पुरुष आणि हे रोग नसलेल्या सुमारे २२०० व्यक्ती होत्या. कधीही रात्रपाळी न केलेलेच लोक निवडले होते. रात्रीच्या जेवणानंतर दोन तास किंवा अधिक वेळाने झोपणाऱ्यांत, जेवून लगेच झोपणाऱ्यांच्या तुलनेत हे दोन कर्करोग मिळून सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. २०१६ मध्ये अमेरिकेत, स्तनाच्या कर्करोगावर सुरुवातीच्या अवस्थेत उपचार झालेल्या २४१३ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रात्रीचा उपास तेरा तासांहून कमी असणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका ३६ टक्क्यांनी अधिक दिसला. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही.

हे आकडे टाकाऊ नाहीत. पण ते निरीक्षणाचे आहेत. लवकर जेवणारा माणूस पुष्कळदा लवकर झोपतो, कमी पितो, त्याची नोकरी ठरलेल्या वेळेची असते, त्याला डॉक्टरकडे जायला सवड असते. संशोधक गणिताने यांतले काही वेगळे काढतात, सगळे काढता येत नाही. शिवाय ‘२० टक्के कमी’ म्हणजे वीस टक्के लोक वाचले, असे नव्हे. समजा हजारांत पन्नास जणांना एखादा रोग होतो. तो वीस टक्क्यांनी कमी झाला, तर चाळीस जणांना होईल. हा फरक महत्त्वाचा आहे, पण ‘टाळा’ या शब्दाला तो पुरत नाही. आठवीच्या शेकडेवारीत हे उदाहरण जरूर घ्यावे.

रात्रपाळीबद्दल काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दैनिक लय बिघडवणारे पाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीला त्याच गटात कायम ठेवले. प्राण्यांतला पुरावा पुरेसा आणि कार्यकारणाची साखळी सबळ, पण माणसांतला पुरावा मर्यादित, असा तो निर्णय होता. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही, हे विसरू नये. पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात तंबाखू, दारू आणि आपली सुपारी बसलेली आहेत.

शिडी सोडून उडी

‘धोका कदाचित थोडा कमी होईल’ इथपर्यंत आलेला माणूस ‘झालेला रोग बरा होईल’ इथे कसा पोहोचतो? तो शिडी सोडून उडी मारतो. याचे अगदी अलीकडचे उदाहरण सर्वांनी पाहिले आहे. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसर येथे वार्ताहरांना सांगितले की त्यांच्या पत्नी चौथ्या अवस्थेतल्या कर्करोगातून बऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या बोलण्यात लिंबूपाणी, हळद आणि कडुनिंब होते. त्याबरोबरच साखर बंद करणे आणि संध्याकाळी लवकर जेवून पुढे मोठे अंतर ठेवणे, म्हणजे कर्करोगाला उपाशी मारणे, हेही होते. ध्वनिचित्रफीत देशभर फिरली.

दोनच दिवसांनी टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सही केलेले निवेदन निघाले. या दाव्यांना दर्जेदार पुराव्याचा आधार नाही, लोकांनी सिद्ध न झालेल्या उपायांपायी उपचार लांबवू नयेत, आणि कर्करोग लवकर ओळखला तर शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधांनी बरा होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. पुढे सिद्धू यांनी खुलासा केला की पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती व आहार हा डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचाराला दिलेली जोड होती. पहिली फीत पाहिलेल्या सगळ्यांपर्यंत हा खुलासा पोहोचला असेल, असे आम्हांला वाटत नाही.

या प्रसंगात आम्हांला कोणाच्या कुटुंबाच्या आनंदावर विरजण घालायचे नाही. तर्कातली चूक दाखवायची आहे. एका रुग्णाला चार उपाय एकदम झाले आणि ती बरी झाली, तर श्रेय चौथ्यालाच कसे द्यावे? ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ हेही पेशीच्या हिशेबात बसत नाही. आपण न जेवता राहिलो तरी यकृत रक्तातली साखर राखून ठेवते, कारण मेंदूला ती हवी असते. गाठीच्या पेशी ग्लुकोज अधिक वापरतात हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते. पण त्या अमिनो आम्ले आणि मेदही वापरतात. गाठीआधी रुग्णच उपाशी पडतो. उपचार चालू असताना वजन आणि स्नायू घटणे हे कर्करोगात संकटच असते.

टीका करायची तर निवेदनावरही थोडी करावी लागेल. ते अचूक होते आणि वेळेवर आले. पण ‘दर्जेदार पुरावा’ म्हणजे काय, हे त्यात नव्हते. ऐकणाऱ्याला एका बाजूला एक बरी झालेली बाई दिसली आणि दुसऱ्या बाजूला २६२ सह्या. कथेपुढे सह्या कमी पडतात. तो अर्थ उलगडून सांगणे हे आता शिक्षकांकडे येते.

पुरावा कसा असतो

त्यासाठी लांब जायला नको. टाटा मेमोरियलचेच संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, नवी मुंबईत खारघरला आहे. याच टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक चाचणी सुरू केली. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया तीत होत्या. वस्त्यांचे वीस भाग केले आणि कोणत्या भागात तपासणी करायची हे नशिबावर सोडले. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ठरावीक काळाने गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलेच आम्ल, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहत आणि स्तनांची हाताने तपासणी करत. दुसऱ्या भागांत माहिती देण्यात आली. त्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही म्हणून या चाचणीवर टीकाही झाली. बारा वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या भागांत ३१ टक्क्यांनी कमी भरले. स्तनांच्या तपासणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले, पण सर्व वयांच्या स्त्रियांचा एकत्र हिशेब केला तर घट निर्णायक ठरली नाही. संशोधकांनी दोन्ही गोष्टी तशाच छापल्या.

एवढ्या माणसांना, एवढी वर्षे, तुलनेचा गट ठेवून पाहिल्यावर ‘मृत्यू घटतात’ असे एक वाक्य लिहिता आले. जेवणाच्या वेळेबद्दल आणि कर्करोगाबद्दल असे वाक्य आज कोणालाही लिहिता येत नाही. लिहिले, तर ते फलकावर राहू देऊ नये.

घड्याळ कोणाच्या हाती?

आता आमचा शेवटचा आक्षेप, आणि आमच्या मते सर्वांत मोठा. हा सल्ला ज्याची संध्याकाळ त्याच्या हाती आहे, त्यालाच पाळता येतो. नवी मुंबईत रात्र कधी झोपत नाही. वाशीच्या घाऊक बाजारात मध्यरात्रीनंतर भाजीच्या गाड्या खाली होतात. न्हावा-शेव्याला कंटेनर उतरत असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने तीन पाळ्यांत चालतात. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत काही माणसे अमेरिकेच्या सकाळप्रमाणे कामाला बसतात. रुग्णालयांतल्या परिचारिका तर सगळीकडेच आहेत. यांना ‘सातच्या आत जेवा’ म्हणणे म्हणजे रोग झाला तर तुमच्याच चुकीने झाला, असे आधीच सांगून ठेवणे. त्या मुलीच्या प्रश्नातली भीती इथून आली होती.

विज्ञान मात्र याच लोकांबद्दल काही उपयोगाचे सांगू लागले आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत एकोणीस निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे ठेवले. ज्यांनी रात्रीही जेवण घेतले त्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. जे रात्री जागूनही फक्त दिवसा जेवले, त्यांची वाढली नाही. हा प्रयोग साखरेचा आहे, कर्करोगाचा नाही, आणि ओझी वाहणाऱ्या माणसाने रात्रभर उपाशी राहावे असे त्यावरून म्हणता येत नाही. पण पाळ्या कशा लावाव्यात, कॅन्टीनमध्ये रात्री काय ठेवावे, दिवसा झोपायला शांत खोली कशी मिळावी, हे प्रश्न त्यातून निघतात, आणि ते मालकांना आणि शासनालाही विचारायचे आहेत. नियमाने वेळा बदलता येतात. मुलांच्या झोपेचा विचार करून महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा आदेश काढला, हे आपल्यासमोरचे उदाहरण आहे.

वर्गात करून पाहा

१. लाजाळूची कुंडी दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा. ठरावीक वेळी क्षणभर दार उघडून पाने उघडी की मिटलेली ते टिपा. स्पर्श करू नका.

२. सुट्टीच्या दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन तासांनी काखेतले तापमान मोजून आलेख काढा. सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे ताडून पाहा.

३. आरोग्याचा कोणताही दावा घ्या आणि पाच रकान्यांत मांडा : यीस्ट किंवा पेशी, प्राणी, थोडे स्वयंसेवक, मोठ्या समाजाची पाहणी, तुलनेच्या गटासह चाचणी. दावा कोणत्या रकान्यापर्यंत पोहोचला आहे तिथे खूण करा. प्रयोग म्हणून मुलांना उपाशी मात्र ठेवू नये, आणि कोणाच्या घरी केव्हा जेवतात यावर वर्गात शेरे मारू नयेत.

त्या मुलीला आम्ही शेवटी काय सांगितले? एका माणसाला कर्करोग होईल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. रात्रपाळीने धोका थोडा वाढत असावा अशी शंका शास्त्रज्ञांना आहे, पण रात्री दोनचा डबा खाल्ल्याने कर्करोग होतो असे कोणी दाखवलेले नाही. बाबांना घरी आल्यावर अंधारात, गडबडीशिवाय सलग झोप मिळेल एवढे पाहा. मग आम्हीच तिला विचारले, जागे राहण्यासाठी बाबा तंबाखू खातात का? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सगळेच खातात.”

पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, त्याचे मुख्य कारण निश्चित ठाऊक आहे, आणि फलकावरच्या त्या कागदात त्याचा उल्लेखही नव्हता.

शिक्षिकांनी तो कागद काढला आणि आमच्याकडून नवा मजकूर मागितला. आम्ही दिला तो असा : तंबाखू आणि सुपारी सोडा, सोडायला मदत मागा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, स्तनात गाठ दिसली तर थांबू नका, तपासून घ्या. शक्य असेल तर जेवण आणि झोप यांत दोन तास ठेवा, त्याने निदान जळजळ तरी कमी होईल. झोप पुरी घ्या. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका.

ज्या शाळांतून लाजाळूचा आणि तापमानाचा प्रयोग होईल, तेथील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपली निरीक्षणे आलेखासह आमच्याकडे जरूर पाठवावीत.